रोषणाई आणि रोजकीर्द

२०१९ सालच्या ऑक्टोबरमध्ये, धनत्रयोदशी तोंडावर आली असताना, डोंबिवलीतल्या गुडविन ज्वेलर्सच्या दुकानाचे शटर खाली आले. दोन दिवस दुकान बंद राहील, असे सांगण्यात आले. दोन दिवस उलटले, सोनेखरेदीचा वर्षातला सर्वांत मोठा दिवसही उलटला, तरी शटर वर गेले नाही. ठाण्यातल्या दुकानाचीही हीच गत झाली. पावत्या आणि हप्त्यांची कार्डे घेऊन माणसे आधी दुकानांसमोर जमली, मग डोंबिवलीच्या रामनगर आणि ठाण्याच्या नौपाडा पोलीस ठाण्यांत. कोणी मुलीच्या लग्नाच्या दागिन्यांसाठी महिन्याचे महिन्याला पैसे भरले होते, कोणी निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम मुदत ठेवीत टाकली होती. समूहाचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक हे दोघे भाऊ. त्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता. तुमचे पैसे सुरक्षित आहेत, अशी ग्वाही देणारा संदेश मात्र लोकांच्या फोनवर फिरत होता. तपास ठाणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला आणि डिसेंबरमध्ये दोघांना अटक झाली. ठेवीदारांचे पैसे घेऊन ते परत न केल्याचा, म्हणजे फसवणुकीचा, आरोप त्यांच्यावर आहे. दोष ठरवणे हे न्यायालयाचे काम. या लेखाचा विषय त्याच्या अलीकडचा आहे: इतक्या शहाण्यासुरत्या, हिशेबी माणसांनी कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवला, आणि तो पुरावा नेमका कशाचा होता?

हा प्रश्न नीट मांडायला एका अगदी वेगळ्या धंद्याची मदत होते. तो धंदा म्हणजे व्यावसायिक कुस्तीचे खेळ भरवणे. पन्नास-साठच्या दशकांत मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढती बघायला तोबा गर्दी व्हायची. पुढे केबल टीव्ही आला आणि अमेरिकेतल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचे मल्ल आपल्या घराघरांत पोचले. या खेळातल्या लढती ठरवून केलेल्या असतात, हे आता गुपित राहिलेले नाही. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे त्या कंपनीने स्वतःच तसे सांगितले. कारण सरळ आर्थिक होते: खरा खेळ म्हटला की क्रीडा आयोगाचे परवाने, नियम आणि कर आले, करमणूक म्हटली की त्यातून सुटका झाली. प्रेक्षकांनी त्यावरून पाठ फिरवली नाही. निकाल ठरलेला असला तरी उडी खरी असते, पडणे खरे असते, आणि तिकिटाच्या पैशात जे बघायचे कबूल केले होते ते बघायला मिळते. म्हणून अशा खेळाच्या आयोजकाला ‘लबाड’ म्हणताना आपण कुठे बोट ठेवतो, हे महत्त्वाचे ठरते. रिंगणात जे चालते तो देखावा असतो आणि तो सगळ्यांच्या संमतीने चालतो. आयोजकाचा प्रामाणिकपणा जोखायची जागा दुसरी आहे. तिकिटांचा गल्ला किती जमला, मल्लांना किती मिळाले, भागधारकांना काय सांगितले गेले, हे तिथे लिहिलेले असते. ती जागा म्हणजे हिशेबाची वही.

याच कंपनीचे एकेकाळचे सर्वेसर्वा विन्स मॅकमॅहन यांच्यावर अमेरिकेच्या भांडवलबाजार नियामकाने केलेली कारवाई याचे उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडे सेबी जे काम करते तेच तिकडे करणाऱ्या या आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढला. मॅकमॅहन यांनी २०१९ आणि २०२२ मध्ये दोन स्त्रियांशी समझोत्याचे करार केले होते. पहिला ७५ लाख डॉलरचा, दुसरा ३० लाख डॉलरचा. त्या स्त्रियांनी मॅकमॅहन यांच्यावरचे दावे सोडायचे आणि झाल्या प्रकारांविषयी गप्प राहायचे, यासाठी ही रक्कम होती. आयोगाचे म्हणणे असे की, हे करार त्यांनी संचालक मंडळाला, कायदा विभागाला, हिशेबनिसांना आणि लेखापरीक्षकांना कळू दिले नाहीत. परिणामी कंपनीचा २०१८ चा निव्वळ नफा सुमारे ८ टक्क्यांनी आणि २०२१ चा सुमारे १.७ टक्क्यांनी फुगवून दाखवला गेला. आरोप मान्य किंवा अमान्य न करता मॅकमॅहन यांनी ४ लाख डॉलरचा दंड भरायला आणि कंपनीला १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम परत करायला संमती दिली. लढती लटक्या होत्या, याबद्दल आयोगाला काही म्हणायचे नव्हते. ज्या वहीवर विसंबून भागधारकांनी पैसे गुंतवले त्या वहीत या दोन करारांची नोंद नव्हती, एवढाच आक्षेप होता. आणि तो घेता आला याचे कारण त्या वहीवर मालकाखेरीज आणखी कोणाची तरी नजर होती.

आपल्या मातीतल्या कुस्तीतही हा फरक दिसतो, फक्त उलट्या बाजूने. नुरा कुस्तीला आपण फसवणूक म्हणतो, कारण तिथे खरी लढत दाखवण्याचे कबूल केलेले असते. पण कुस्ती अगदी निकाली झाली, पंचांचा निर्णय निर्विवाद ठरला, तरी पैशाचा प्रश्न मोकळा राहू शकतो. २०२२ मध्ये साताऱ्याला ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा जिंकल्यावर कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील याने रोख बक्षीस हाती न आल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्यावरून वाद झाला. मैदान गच्च भरले होते, हलगी वाजली होती, गदा खरी होती. त्या सगळ्या थाटातून इनामाच्या रकमेविषयी काही म्हणजे काहीच कळत नव्हते. फड कितीही मोठा असो, त्यावरून हिशेबाची खात्री होत नाही, एवढेच सूत्र इथून उचलायचे आणि ते घेऊन पुन्हा डोंबिवलीला यायचे.

सराफाचे दुकान हादेखील एका परीने देखावाच असतो आणि त्यात वावगे काही नाही. काचेची कपाटे, मखमली तबके, सोन्याची झळाळी वाढवणारे दिवे, सणाच्या आधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची जाहिरात. गिऱ्हाइकाला माल आवडावा म्हणून हे सारे असते. अंगठी घेताना त्या देखाव्याने आपले नुकसान होत नाही, कारण वस्तू समोर असते, तिचे वजन काट्यावर दिसते, शुद्धता हॉलमार्कवरून कळते आणि पैसे देताच ती आपल्या हातात येते. व्यवहार तिथल्या तिथे मिटतो. त्याच गल्ल्यावर तेच गिऱ्हाईक ‘वर्षभराने सोने द्या’ किंवा ‘तीन वर्षांनी व्याजासह रक्कम द्या’ म्हणून पैसे ठेवते तेव्हा व्यवहाराची जात बदलते. आता ते गिऱ्हाईक राहिलेले नसते, सावकार झालेले असते. सराफ विक्रेता राहिलेला नसतो, कर्जदार झालेला असतो. कर्ज देणाऱ्याने बघायच्या गोष्टी वेगळ्या असतात: उत्पन्न किती, आधीची देणी किती, तारण काय, पैसे बुडाले तर पहिला हक्क कोणाचा. दुकानाची रोषणाई यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. तरीही दुकान तेच, माणसे तीच, पावतीवरचे नाव तेच. त्यामुळे व्यवहाराची जात बदलली आहे हे जाणवतच नाही. गुडविनच्या प्रकरणात लोकांनी पुरावा मागितला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी दुकाने पाहिली, शाखा मोजल्या, ओळखीच्यांना विचारले. मालाच्या चांगुलपणाचा पुरावा त्यांनी कर्जफेडीच्या क्षमतेचा पुरावा मानला, आणि गफलत झाली ती इथे.

योजनांचे गणित मांडले की ही सरमिसळ स्पष्ट होते. तक्रारींनुसार गुडविनच्या योजना मुख्यतः दोन प्रकारच्या होत्या. एक मासिक हप्त्यांची: वर्षभर पैसे भरायचे आणि शेवटी दागिना घ्यायचा, किंवा चौदा महिन्यांनी रोख रक्कम. दुसरी मुदत ठेवीची, वर्षाला १६ टक्के व्याजाची. हप्त्यांची योजना अनेक सराफ चालवतात, म्हणून आधी तिच्याकडे बघू. समजा, बारा महिने हजार रुपये भरले आणि तेरावा हप्ता सराफाने घातला. वरवर पाहता १२ हजारांवर हजार, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. पण पहिला हप्ता बारा महिने त्याच्याकडे राहिला तर शेवटचा एकच महिना. सरासरी धरली तर पैसे साडेसहा महिनेच त्याच्याकडे होते. वर्षाच्या दराने हे व्याज १५ टक्क्यांपेक्षा जास्त होते. मग प्रामाणिक सराफाला ते परवडते कसे? कारण तो ते रोखीने देत नाही. गिऱ्हाईक शेवटी त्याच्याकडूनच दागिना घेते. त्या दागिन्यावर घडणावळ असते आणि तेराव्या हप्त्याचा भार त्या घडणावळीतल्या नफ्यातून उचलला जातो. शिवाय एक गिऱ्हाईक वर्षभर बांधले जाते. ही मुळात विक्रीवरची सूट आहे. पण ‘दागिना नको असेल तर रोख घ्या’ म्हटले की घडणावळ सुटते, विक्री सुटते आणि उरते ते निव्वळ व्याज. ते कुठल्या नफ्यातून द्यायचे, याचे उत्तर सराफीच्या धंद्यात सापडत नाही.

कायद्यानेही रेषा जवळजवळ याच जागी ओढली आहे. कंपन्यांच्या ठेवींविषयीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालापोटी जमा झाली तर ती ठेव धरली जात नाही. तो काळ उलटला की तीच रक्कम ठेव ठरते आणि ठेवींचे सगळे नियम लागू होतात. अनेक सराफांच्या योजना अकरा महिन्यांत गुंडाळल्या जातात त्यामागे हेच कारण आहे. ठेव म्हटली की खासगी कंपनीला ती सर्वसामान्य जनतेकडून घेताच येत नाही. सार्वजनिक कंपनीलाही १०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य किंवा ५०० कोटींची उलाढाल अशा अटी पाळाव्या लागतात, आणि व्याजाला १२.५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. तेव्हा १६ टक्क्यांची पाटी पाहताच, पुढे काय घडेल याचा अंदाज न बांधताही, एक गोष्ट ठामपणे सांगता येत होती: कोणत्याही कंपनीला ठेवींवर कायद्याने देता येणाऱ्या दरापेक्षा हा आकडा वरचा आहे. ही माहिती गुप्त नव्हती. ती दुकानाच्या भिंतीवर लावलेली नव्हती, इतकेच.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: लोक हावरट होते, जास्त व्याजाच्या मोहाने गेले, त्यांना धडा मिळाला. हा आक्षेप आकड्यांपुढे टिकत नाही. त्या महिन्यात स्टेट बँकेचा एका वर्षाच्या ठेवीचा दर साडेसहा टक्क्यांच्याही किंचित खाली होता. पाच लाखांवर वर्षाला ३२ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांहून कमी. तेच १६ टक्क्यांनी वर्षाला ८० हजार, महिन्याला साडेसहा हजारांहून अधिक. निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाच्या घरात हा फरक औषधपाण्याचा आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाचा असतो. ही रातोरात श्रीमंत होण्याची आस नव्हती. शिवाय ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कुटुंबांना बँकेबाहेरचा पैशाचा व्यवहार नवा नाही. चाळीत, कार्यालयात, लोकलच्या डब्यातल्या गटात भिशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि बहुतेक वेळा ती चोख चालते. भिशीत दहा-बारा जण एकमेकांना ओळखतात, दर महिन्याला जमलेली सगळी रक्कम सर्वांसमोर एकाच्या हातात जाते आणि शिल्लक काही उरतच नाही. थोडक्यात, भिशीची वही उघडी असते. सराफाने आपल्या योजनेला भिशी म्हटले तेव्हा त्या नावाबरोबर हा सारा विश्वास आपोआप आला. उघडी वही मात्र आली नाही. लोकांच्या चांगल्या सवयीचा इथे वापर झाला. त्याला लोभ म्हणणे म्हणजे फसवल्या गेलेल्याच्या माथी दोष मारून मोकळे होणे आहे.

दुसरा आक्षेप ठेवीदार स्वतः घेतात आणि तो जास्त वजनदार आहे. कित्येक वर्षे व्याज वेळच्या वेळी मिळत होते, आधीच्या योजनांचे सोने मिळाले होते. मग याहून मोठा पुरावा कोणता मागायचा? इथे पुन्हा आकडेमोडच करू. एखाद्याने आपल्याकडून १०० रुपये घेतले आणि त्यातून दरवर्षी १६ रुपये आपल्यालाच परत दिले, त्या पैशांवर एक छदामही कमावला नाही, तरी सव्वासहा वर्षे तो व्याज चुकवणार नाही. सहा वर्षे न चुकता आलेले व्याज हे फायद्यातल्या धंद्याचे लक्षण असू शकते, तसेच मुद्दल संपत चालल्याचेही; ठेवीदाराच्या खात्यात दोन्ही अगदी सारखेच दिसतात. नवे ठेवीदार येत राहिले तर हा काळ आणखी लांबतो. यातून एक विचित्र निष्कर्ष निघतो. अवास्तव पण फार अवाजवी न वाटणारा दर हा अफाट दरापेक्षा जास्त घातक असतो, कारण तो अधिक काळ टिकतो, आणि तो जितका टिकतो तितकी त्याची पत वाढत जाते. वेळेवर व्याज ही देखाव्याचीच एक बाजू आहे. व्याज आले का, हे ठेवीदाराला कळते. ते कुठून आले, हे फक्त रोजकीर्दीला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप मालकांच्या बाजूचा आहे आणि न्यायाच्या दृष्टीने तो ऐकलाच पाहिजे. धंदा बुडणे म्हणजे फसवणूक नव्हे. २०१९ मध्ये सोने १० ग्रॅमला ३८ हजार रुपयांच्या आसपास पोचले होते, बाजारात मंदीची चर्चा होती. धंद्यात खोट आली म्हणून पैसे देता आले नाहीत, असे कोणी म्हटले तर ते अशक्य नाही. खरा सराफही बुडू शकतो. म्हणून ‘हेतू’ काय होता, हे तपासाने आणि न्यायालयाने ठरवायचे आणि तोवर ‘आरोप’ हाच शब्द वापरायचा. पण नीट पाहिले तर हा आक्षेप आपल्या मुद्द्याला बळच देतो. धंदा प्रामाणिकपणे बुडाला की पैसे मुद्दाम वळवले, हे दुकान बंद होईपर्यंत बाहेरच्या कोणालाही सांगता येत नव्हते. दोन्ही शक्यतांत ठेवीदाराला मिळणारी सूचना एकच होती: शटर. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक अपयश आणि फसवणूक यांत शेवटच्या दिवसापर्यंत फरक करता येत नाही, ती प्रामाणिक धंदेवाल्यालाही धोक्याचीच असते. गुडविननंतर ठाणे-कल्याण भागातल्या सचोटीने धंदा करणाऱ्या सराफांनाही गिऱ्हाइकाच्या संशयाला तोंड द्यावे लागले असेल, तर त्याचे कारण हेच.

चौथा आक्षेप: बँकाही बुडतातच की! गुडविनचे शटर पडण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २३ सप्टेंबर २०१९ ला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले होते. खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड लपवली होती, असे तपासात पुढे आले. म्हणजे लेखापरीक्षक होते, नियामक होता, तरी वहीत खोटे लिहिता आले. हे मान्यच केले पाहिजे. देखरेख असली की फसवणूक होत नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण पुढे काय झाले तेही पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचे विम्याचे संरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर गेले. २०२१ मध्ये कायदा बदलून, निर्बंध आलेल्या बँकेच्या खातेदारांना ही रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवी टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत, परत करण्याची योजना आली. खातेदारांचे हाल झाले, उशीर अक्षम्य होता. तरीही त्यांच्या पाठीशी एक विमा होता, एक जबाबदार संस्था होती आणि ठरलेला रस्ता होता. सराफाकडे मुदत ठेव ठेवणाऱ्याच्या पाठीशी यांपैकी काहीच नसते. फरक बुडण्या-न-बुडण्यात नाही, बुडाल्यावर कोणाला हाक मारायची यात आहे.

गुडविनपासून शहाणे झालो असतो तर पुढची गोष्ट लिहावी लागली नसती. ६ जानेवारी २०२५ ला दादरच्या टोरेस या दालनासमोर हजारोंची गर्दी जमली. प्लॅटिनम हर्न नावाच्या कंपनीची ही दालने, आणि त्यांतले एक कल्याणला होते. मॉइसनाइट हा प्रयोगशाळेत तयार होणारा चमकदार खडा विकत घ्यायचा आणि गुंतवलेल्या रकमेवर आठवड्याला काही टक्के परतावा घ्यायचा, अशी योजना. वर्षाचा हिशेब केला तर तो आकडा शेकडो टक्क्यांत जात होता. नवे सभासद आणणाऱ्यांना वेगळी बक्षिसे होती. वर मांडलेले गणित इथे लावून पाहावे: आठवड्याला १० टक्के दिले तर काही न कमावता १०० रुपये दहा आठवडेच पुरतात, पुढचा सगळा काळ नव्या पैशावर काढावा लागतो. टोरेसचा डोलारा सुमारे वर्षभरातच कोसळला. दोन्ही प्रकरणांतले दर, माणसे, प्रमाण वेगळे. समान होते ते प्रशस्त दालन, दिव्यांचा झगमगाट आणि सुरुवातीचे काही हप्ते वेळेवर. पाच वर्षांत पुराव्याची आपली कल्पना बदलली नव्हती.

मग कायदा कुठे होता? कायदा होता, आणि चांगला होता. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे रक्षण करणारा, एमपीआयडी नावाने ओळखला जाणारा महाराष्ट्राचा १९९९ चा अधिनियम ठेवीची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवतो. पैसे किंवा मौल्यवान वस्तू, परतफेड रोखीत, वस्तूत किंवा सेवेत, सगळे त्यात येते. मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार, विशेष न्यायालय, सहा वर्षांपर्यंतची कैद या तरतुदी त्यात आहेत. हा कायदा घटनेत बसत नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला होता, पण पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २०२२ मध्ये त्यातल्या ठेवीच्या व्यापक व्याख्येवरही शिक्कामोर्तब केले. मात्र या कायद्याचे चाक प्रत्यक्षात फिरते ते पैसे परत न मिळाल्यावर, तक्रार आल्यावर. २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा एक पाऊल पुढे गेला: नियामकाकडे नोंद नसलेली ठेव योजना चालवणे हाच गुन्हा, पैसे बुडोत वा न बुडोत. तिची जाहिरात करणेही गुन्हा. हा कायदा गुडविन बंद पडण्याच्या काही महिने आधीच लागू झालेला होता. पाटीवर लिहिलेला दर बघून कारवाई करता येईल, अशी सोय देशाच्या कायद्यात तेव्हा होती. ती वापरण्याची सवय यंत्रणेत नव्हती. भर रस्त्यावर दालन उघडते, जाहिराती लागतात, दुकान आणि आस्थापना म्हणून नोंद होते, वस्तू व सेवा कर भरला जातो. इतक्या सरकारी टेबलांवरून कागद फिरतात आणि ‘ठेवी घ्यायची परवानगी कोणी दिली?’ हा प्रश्न एकाही टेबलावर विचारला जात नाही. ठाणे आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेने तक्रारींची रांग लागण्याची वाट बघायची, ही पद्धत बदलायला नवा कायदा लागत नाही. अशा जाहिराती आणि दरांवर आपणहून नजर ठेवणारे थोडे मनुष्यबळ लागते.

शेवटचा आक्षेप असा की, ताळेबंद वाचणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे. खरे आहे, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. मॅकमॅहन यांच्या कंपनीचे भागधारकही खतावण्या चाळत बसले नव्हते. ते काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवलेले होते आणि ते सोपवलेले आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. म्हणून पैसे ठेवणाऱ्याने विचारायचा प्रश्न ‘हा धंदा चांगला चालतो का?’ असा नसून ‘याचा हिशेब याच्याखेरीज आणखी कोण तपासतो?’ असा आहे. बँक असेल तर रिझर्व्ह बँक, गुंतवणूक योजना असेल तर सेबी, कंपनीची ठेव असेल तर कंपनी कायद्याखालची नोंद. उत्तरात एखाद्या नियामकाचे नाव आले तर रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर ते पडताळता येते आणि संशय आल्यास तिथेच तक्रारही करता येते. उत्तर ‘आम्ही इतकी वर्षे इथे आहोत’, ‘अमक्या साहेबांनीही ठेवले आहेत’ किंवा ‘शोरूम बघा ना’ असे आले, तर ते उत्तरच नाही, हे ओळखायचे. दागिना जरूर घ्यावा, पावती आणि हॉलमार्क बघून घ्यावा. पण ज्या गल्ल्यावर दागिना मिळतो त्या गल्ल्यावर ठेव ठेवू नये. डोंबिवली, कल्याण, ठाणे ही लोकलच्या पहाटेच्या गाड्या पकडून पै-पै जोडणाऱ्यांची शहरे आहेत. त्यांच्या बचतीचे रक्षण त्यांच्या संशयी स्वभावावर सोडून देणे ही राज्याची जबाबदारी टाळण्याची पळवाट आहे, आणि दिव्यांच्या झगमगाटाला हमी समजणे ही आपली. दोन्ही बाजूंनी ही पळवाट बंद झाल्याखेरीज पुढच्या शटरसमोरची गर्दी टळणार नाही.